अँड्रॉइडचे रूट काढायचे आहे? मग कुलूप सगळ्यात शेवटी लावा

फोनला फॅक्टरी रीसेट मारला की रूट, म्हणजे फोनातले काहीही बदलायची मिळवलेली मोकळीक, आपोआप निघून जाते, असे समजणाऱ्यांत एके काळी मीही होतो. रीसेट झाला. फोटो गेले, मेसेज गेले, रूट मात्र जागचे हलले नाही. बँकेचे ॲप पुन्हा टाकले तर त्याने पहिल्याच पडद्यावर तोच जुना निरोप दिला: हा फोन सुरक्षित नाही.

कारण साधे आहे. रीसेट पुसतो ते डेटा पार्टिशन, म्हणजे साठवणीतला तुमच्या ॲप्सचा आणि फाइलींचा कप्पा. आजकालचे रूट तिथे बसलेलेच नसते. फोन चालू करणारा बूटलोडर नावाचा प्रोग्रॅम जी बूट इमेज, म्हणजे बूट पार्टिशनमधला मजकूर, मेमरीत चढवतो, तिच्यात फेरफार करून ते बसवतात, आणि रीसेट त्या पार्टिशनला हातही लावत नाही. म्हणून रूट काढायला बसण्याआधी ते कुठे आहे हे कळायला हवे. नाहीतर डेटाही जातो आणि काम तसेच राहते.

रूट नेमके कुठे असते

लिनक्समध्ये ० क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट. त्याला कुठलीही फाइल उघडता, बदलता, पुसता येते. अँड्रॉइड लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, चालते, पण कंपनीकडून आलेल्या फोनात त्या वापरकर्त्यापर्यंत जायची वाट बंद असते. ती उघडणाऱ्या छोट्याशा प्रोग्रॅमला एसयू म्हणतात.

जुन्या फोनांत, सुपरएसयू या रूटच्या ॲपच्या जमान्यात, ही एसयू फाइल सरळ सिस्टीम पार्टिशनमध्ये नेऊन ठेवत. अँड्रॉइड ७ पासून फोन चालू होतानाची तपासणी कडक झाली. सिस्टीममध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ते पकडले जाऊ लागले. जॉन वू यांनी २०१६ मध्ये आणलेल्या मॅजिस्क या रूटच्या साधनाने यावर तोड काढली: सिस्टीमला शिवायचेच नाही, फक्त बूट इमेज बदलायची आणि बाकी सगळे फोन चालू होताना वरून पांघरायचे. त्यामुळे काढणेही सोपे झाले. मूळ बूट इमेज परत ठेवली की पांघरूण गेले.

जे फोन बाजारात येतानाच अँड्रॉइड १३ किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन आले, त्यांच्यातल्या बहुतेकांत मॅजिस्क ज्या भागात बदल करते तो भाग ‘इनिट-बूट’ नावाच्या वेगळ्या पार्टिशनमध्ये असतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गूगलच्या पिक्सेल ७ मध्ये इनिट-बूट आहे. पिक्सेल ६ अद्ययावत होऊन १३ वर गेला तरी त्यात जुनेच बूट पार्टिशन आहे. तेव्हा आज फोनात कुठले अँड्रॉइड आहे यावरून ठरवू नका, फोन जन्मला तेव्हा कुठले होते ते बघा.

कर्नलएसयू आणि एपॅच या रूटच्या आणखी दोन साधनांची नावे हल्ली ऐकू येतात. दोन्ही कर्नलच्या पातळीवर काम करतात. काढण्याचे तत्त्व तेच, मूळ इमेज परत ठेवायची.

आपल्या फोनात यांपैकी काय आहे हे सहसा ॲप्सच्या यादीत दिसते. दिसत नसेल तर ‘सेटिंग्ज’ नावाची दोन चिन्हे आहेत का पाहा. मॅजिस्कचे ॲप लपवले की ते आपणहून ‘सेटिंग्ज’ हे नाव घेते, आणि सहा महिन्यांनी आपणच ते विसरून गेलेले असतो.

किती खोल जायचे?

रूट का काढायचे आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे.

कंपनीचे नवे अपडेट बसत नाही, एवढीच अडचण असेल तर रूट कायमचे काढायची गरजच नाही. मॅजिस्कच्या ॲपमध्ये ‘अनइन्स्टॉल मॅजिस्क’ दाबल्यावर दोन पर्याय येतात. त्यातला ‘रिस्टोअर इमेजेस’ निवडा, फोन रीस्टार्ट करू नका, सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेट बसवून घ्या. अपडेटचे काम पूर्ण झाले पण रीस्टार्ट मारायचा बाकी आहे, अशा वेळी मॅजिस्कमध्ये परत येऊन ‘इन्स्टॉल टू इनॲक्टिव्ह स्लॉट’ करता येते, म्हणजे नव्या आवृत्तीतही रूट राहते. ज्या फोनांत सिस्टीमच्या दोन प्रती, म्हणजे ए आणि बी स्लॉट असतात, त्यांच्यासाठीच ही सोय आहे.

एखादे ॲप ‘रूट आहे’ म्हणून अडत असेल तर गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे. काही ॲप्स फक्त एसयू किंवा मॅजिस्कच्या खुणा शोधतात; रूट काढले की ती गप्प बसतात. पण पुष्कळ ॲप्स फोन तपासणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी सेवेला विचारतात, आणि ती सेवा बूटलोडर उघडा आहे का, म्हणजे तो बदललेली इमेजही चालू देतो का, हेही बघते. नव्या फोनांत हे उत्तर थेट हार्डवेअरकडून येते, सॉफ्टवेअरला त्यात खोटे घालणे अवघड. म्हणजे रूट साफ काढले आणि बूटलोडर उघडाच ठेवला, तर अशा ॲपच्या दृष्टीने काहीच बदलले नाही. लपवाछपवीची मॉड्यूल्स, म्हणजे मॅजिस्कला जोडायचे छोटे प्रोग्रॅम, वापरून मी दोन वर्षे हा खेळ खेळलो. दर काही आठवड्यांनी ते मॉड्यूल निकामी व्हायचे आणि नवे शोधावे लागायचे. शेवटी कंटाळून कंपनीच्या सॉफ्टवेअरवर परत आलो.

फोन विकायचा किंवा घरातल्या कुणाला द्यायचा असेल तर मात्र पूर्ण मूळ सॉफ्टवेअर आणि बंद बूटलोडर, याखाली काही नको.

तेव्हा पायऱ्या तीन. रूट काढणे, बदललेली प्रत्येक इमेज मूळ रूपात आणणे, आणि मग बूटलोडरला कुलूप घालणे. पहिल्या दोन पायऱ्यांवर चुकलात तर बहुतेक वेळा परत फिरता येते. तिसऱ्या पायरीवर घाई केली तर फोनची वीट होते, तो चालूच होत नाही. म्हणून कुलूप सगळ्यात शेवटी.

आधीची तयारी

कुलूप घालताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. त्याला पर्याय नाही, म्हणून बॅकअप आधी. फोटो संगणकावर उतरवा. चॅटच्या ॲपचा बॅकअप त्या ॲपमधूनच घ्या. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारे ॲप असेल तर त्यातली खाती दुसऱ्या फोनवर हलवा किंवा त्यांचे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा. लोक फोटोंसाठी हळहळतात, पण खरी कोंडी होते ती या कोडांपायी.

रूट वापरून बॅकअप घेणारी जी ॲप्स आहेत त्यांचे बॅकअप परत टाकायलाही रूटच लागते. त्यांच्यावर विसंबू नका.

गूगल खात्याचा पासवर्ड पाठ आहे का, तो एकदा टाकून बघा. अँड्रॉइड ५.१ पासून रीसेटनंतर आधीच्या खात्याची ओळख मागणारी सुरक्षा आली आहे. पासवर्ड आठवला नाही तर स्वतःच्याच फोनाबाहेर उभे राहाल. फोन देऊन टाकायचा असेल तर खाते आधीच सेटिंग्जमधून काढा.

आणखी एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. रूट अजून हातात आहे तोवर फोनची ओळख आणि रेडिओची मोजमापे ठेवणाऱ्या पार्टिशनांची प्रत काढून ठेवा. सॅमसंगमध्ये त्याला ईएफएस म्हणतात. क्वालकॉमच्या चिपवाल्या फोनांत पर्सिस्ट, मोडेमएसटी-१, मोडेमएसटी-२ अशी नावे असतात. फ्लॅश करताना, म्हणजे पार्टिशनांवर इमेज लिहिताना, त्यात गडबड झाली तर आयएमईआय हा फोनचा ओळख क्रमांक नाहीसा होतो आणि सिम ओळखले जात नाही. एकदा रूट गेले की ही पार्टिशने वाचताही येत नाहीत. ही प्रत फक्त तुमच्याच फोनला चालते आणि ती दुसऱ्या कुणाला द्यायची नसते.

संगणकावर गूगलचे प्लॅटफॉर्म टूल्स उतरवून घ्या. त्यात संगणकावरून फोनला आज्ञा देणारी एडीबी आणि फास्टबूट ही दोन्ही साधने असतात. विंडोज असेल तर यूएसबी ड्रायव्हरही लागेल. बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली असू द्या. केबल डेटा वाहणारी हवी. चार्जरसोबतच्या काही केबली फक्त वीज वाहतात, आणि ‘फोन दिसतच नाही’ या तक्रारीमागे कित्येकदा तेवढेच कारण असते.

सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे मूळ फर्मवेअर, कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरचे पॅकेज. मॉडेल नंबर, प्रदेश आणि बिल्ड नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन बिल्ड नंबर जसाच्या तसा टिपून घ्या. एकाच नावाच्या फोनचे वेगवेगळ्या प्रदेशांत वेगळे मॉडेल असते, आणि नाव सारखे म्हणून फाइलही चालेल असे नसते.

पुढे दिलेल्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. संगणकावर त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या; ‘आयएमजी’ म्हणजे फाइलच्या नावाची शेवटची तीन अक्षरे, ‘एचटीटीपी’सारखीच एकेक करून.

मॅजिस्क काढणे

१. मॅजिस्क लपवलेले असेल तर त्याच्या सेटिंग्जमधून आधी ॲप मूळ रूपात आणा.

२. मॉड्यूल्सच्या पानावर जाऊन एकेक मॉड्यूल काढा आणि फोन रीस्टार्ट करा. काढायची खूण केलेले मॉड्यूल पुढच्या बूटलाच खरे निघते, आणि आपली आवराआवर करायला त्याला तोच वेळ मिळतो. फॉन्ट, आवाज, थीम बदलणारी मॉड्यूल्स मागे खुणा ठेवून जातात ती ही पायरी गाळल्यामुळे.

३. जाहिराती अडवण्यासाठी रूटचा आधार घेणारे ॲप असेल तर त्याने केलेला बदल त्याच ॲपमधून मागे घ्या. चार्जिंगची मर्यादा लावणारी, प्रोसेसरचा वेग बदलणारी ॲप्सही याच वेळी काढा.

४. आता ‘अनइन्स्टॉल मॅजिस्क’ आणि त्यात ‘कम्प्लीट अनइन्स्टॉल’. मॅजिस्कने स्वतःजवळ ठेवलेली मूळ बूट इमेज परत बसते, उरलेल्या फाइली पुसल्या जातात, ॲप निघून जाते आणि फोन रीस्टार्ट होतो.

चारही पायऱ्या नीट पार पडल्या तर रूट गेले. डेटा जागेवर आहे. इथेच थांबायचे असेल तर थांबा, आणि खाली तपासणीच्या भागाकडे जा.

पण पुष्कळांना चौथ्या पायरीवर एक वाक्य दिसते: मूळ प्रतीचा बॅकअप नाही. बूट इमेज दुसऱ्याच फोनवर पॅच करून, म्हणजे तिच्यात रूटचा फेरफार करून, आणली असेल किंवा मध्ये रीसेट मारला असेल तर असे होते, कारण तो बॅकअप डेटा पार्टिशनमध्ये असतो. घाबरायचे कारण नाही. मूळ इमेज आपण स्वतः ठेवू.

मूळ बूट इमेज हाताने परत ठेवणे

उतरवलेल्या फर्मवेअरमध्ये बूट.आयएमजी शोधा, तुमचा फोन इनिट-बूटवाला असेल तर त्या नावाची फाइल. काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये ती सुटी दिसत नाही, पेलोड.बिन नावाच्या एका मोठ्या फाइलीत गुंडाळलेली असते. पेलोड डंपर नावाची छोटी साधने ती उलगडून देतात. फर्मवेअरचा बिल्ड नंबर फोनातल्याशी हुबेहूब जुळत नसेल तर इथे पुढे जाऊ नका. एका आवृत्तीची सिस्टीम आणि दुसऱ्या आवृत्तीचा कर्नल यांची जोडी जमली नाही तर फोन लोगोवरच घुटमळतो, किंवा वायफाय आणि टच बंद पडतात.

सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्स या भागात यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा आणि संगणकावर द्या:

एडीबी रीबूट बूटलोडर

फोन बूटलोडरच्या पडद्यावर गेला की:

फास्टबूट डिव्हायसेस

उत्तरात फोनचा अनुक्रमांक दिसला पाहिजे. दिसला नाही तर ड्रायव्हर किंवा केबल बघा, पुढे जाऊ नका. मग:

फास्टबूट फ्लॅश बूट बूट.आयएमजी

इनिट-बूटवाल्या फोनला दोन्ही ठिकाणी ‘बूट’च्या जागी ‘इनिट’, खालची आडवी रेघ आणि ‘बूट’ असे सलग नाव द्यायचे. कर्नलएसयूसाठी ज्या इमेजमध्ये बदल केला होता तीच परत ठेवायची. रूट करताना व्हीबीमेटा ही बाकीच्या इमेज तपासायची माहिती ठेवणारी इमेज तपासणी बंद करून फ्लॅश केली असेल तर तिचीही मूळ प्रत आत्ताच टाका; ही आठवण पुढे कुलूप घालताना वाचवते. शेवटी ‘फास्टबूट रीबूट’.

मॅजिस्कचे ॲप उरले असेल तर ते आता साध्या ॲपसारखे काढता येते.

कस्टम रिकव्हरी, म्हणजे दुरुस्तीसाठी वेगळा चालू होणारा बाहेरून बसवलेला भाग, असलेल्या जुन्या फोनांसाठी एक आडवाटही आहे: मॅजिस्कच्या एपीके फाइलचे नाव बदलून ‘अनइन्स्टॉल.झिप’ करायचे आणि ती रिकव्हरीतून फ्लॅश करायची. फोन चालूच होत नसेल तेव्हा ही वाट कामी येते.

पूर्ण मूळ सॉफ्टवेअर

सिस्टीममध्येच फेरफार झाले असतील, रिकव्हरी बदललेली असेल, किंवा रूट करताना आपण काय काय केले हे धड आठवत नसेल, तर सुटी इमेज ठेवत बसू नका. सगळे फर्मवेअर नव्याने टाका. कुलूप घालायचे असेल तर मी प्रत्येक वेळी हेच करतो, सगळे आठवत असले तरी.

पिक्सेल असेल तर नशीबवान आहात. गूगलचे अँड्रॉइड फ्लॅश टूल क्रोम ब्राउझरमध्येच चालते. फोन जोडायचा, आवृत्ती निवडायची, बस. डेटा पुसायचा का, सगळी पार्टिशने नव्याने लिहायची का आणि शेवटी बूटलोडर बंद करायचा का, हे तिथेच विचारले जाते. पूर्ण परत जायचे असेल तर तिन्हींना हो म्हणा. जुनी आवृत्ती मात्र निवडू नका. पिक्सेल ६, ६ प्रो आणि ६ए यांना अँड्रॉइड १३ सोबत मागे जाण्याविरुद्धचे कुलूप आले. त्यानंतर त्यांच्यात अँड्रॉइड १२ चालू होत नाही.

सॅमसंगमध्ये फास्टबूट नाही. तिथे फोनचा डाउनलोड मोड आणि विंडोजवरचे ओडिन हे फ्लॅश करायचे साधन. फर्मवेअर उलगडले की चार-पाच फाइली निघतात: बीएल, एपी, सीपी, आणि सीएससीच्या दोन. नुसती सीएससी टाकली तर डेटा पुसला जातो, होम सीएससी टाकली तर राहतो. बिल्ड नंबरात उजवीकडून पाचवे अक्षर बूटलोडरची पायरी सांगते. फोनात आहे त्यापेक्षा खालच्या पायरीचे फर्मवेअर टाकायला गेलात तर फोन ते नाकारतो.

सॅमसंगवाल्यांनी एक कडू गोष्ट आधीच पचवावी. पहिल्यांदा अनधिकृत इमेज टाकली त्याच क्षणी नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज जळाला. तो ० चा १ झाला की परत ० होत नाही, कितीही मूळ फर्मवेअर टाका. सिक्युअर फोल्डर आणि सॅमसंगची पेमेंट सेवा त्या फोनवर पुन्हा चालत नाही. बाकीची बँकेची ॲप्स सहसा चालतात. ‘नॉक्स परत ० करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला नमस्कार करून पुढे चला.

शाओमीसाठी ‘मी फ्लॅश’ नावाचे साधन. या साधनाच्या तळाशी तीन पर्याय असतात: सगळे पुसा, वापरकर्त्याचा डेटा ठेवा, सगळे पुसून कुलूप लावा. आपसूक निवडलेला असतो तिसरा! घाईत ‘फ्लॅश’ दाबले आणि फर्मवेअर दुसऱ्या प्रदेशाचे निघाले, तर बूटलोडर बंद झालेला, आत चुकीचे सॉफ्टवेअर, आणि पडद्यावर ‘ही आवृत्ती या फोनवर बसू शकत नाही’ असा संदेश. आधी ‘सगळे पुसा’ निवडा, फोन चालू होतो का पाहा, कुलपाचे नंतर.

इतर कंपन्यांच्या फोनांत साधने वेगळी, क्रम हाच.

जुना फोन, जुने रूट

सुपरएसयू असेल तर त्याच्या सेटिंग्जमध्येच ‘फुल अनरूट’ आहे. मूळ बूट इमेज परत ठेवायची का असे विचारले तर हो म्हणा. एका टिचकीत रूट करून देणारी जी ॲप्स तेव्हा चालत, त्यांच्यातही काढायचा पर्याय असतो. पण ती ॲप्स फोनात आणखी काय पेरून गेली हे सांगता येत नाही, म्हणून तिथे पूर्ण फर्मवेअर टाकणेच बरे. फाइल मॅनेजरने सिस्टीमच्या बिन आणि एक्सबिन फोल्डरांतली एसयू फाइल पुसा, असा सल्ला अजूनही फिरतो. तो त्या काळच्या फोनांपुरता. आजच्या फोनात सिस्टीम पार्टिशन लिहिताच येत नाही आणि पुसायला तिथे एसयू नसतेही.

आता कुलूप

इथवर आलात म्हणजे फोन मूळ सॉफ्टवेअरवर नीट चालू होतो आहे. ‘नीट’ म्हणजे खरेच चालवून पाहा: फोन लावा, सिम ओळखतो का, कॅमेरा, वायफाय, बोटाचा ठसा. एखादा दिवस असाच वापरला तरी हरकत नाही.

कस्टम रॉम, म्हणजे कंपनीऐवजी दुसऱ्या कुणी बनवलेले अँड्रॉइड, असेल तर कुलूप घालू नका. ग्राफीनओएससारख्या मोजक्या रॉम आपली स्वतःची किल्ली देऊन पिक्सेलवर बूटलोडर बंद करू देतात. लिनेजओएस आणि बाकी बहुतेकांवर बंद केला की फोन अडकतो.

डेव्हलपर ऑप्शन्समधले ‘ओईएम अनलॉकिंग’ चालूच राहू द्या. हे बटण चालू असेल तरच, काही बिघडले तर, बूटलोडर पुन्हा उघडता येतो. पिक्सेलसारख्या फोनांत फास्टबूटमध्येही ते विचारता येते: ‘फास्टबूट फ्लॅशिंग गेट अनलॉक ॲबिलिटी’, यातले शेवटचे तीन शब्द खालच्या आडव्या रेघांनी जोडलेले. उत्तर १ आले तर परतीचा दोर शाबूत आहे. ० आले तर मागे फिरा, फोन चालू करा आणि ते बटण बघा.

मग:

फास्टबूट फ्लॅशिंग लॉक

जुन्या काही फोनांत ‘फास्टबूट ओईएम लॉक’. फोनच्या पडद्यावर विचारणा येते, आवाजाच्या बटणाने ‘लॉक’ निवडा आणि पॉवर दाबा. सॅमसंगमध्ये ज्या पडद्यावरून बूटलोडर उघडला होता त्याच पडद्यावर तो बंद होतो. डेटा पुसला जाईल. पहिला बूट नेहमीपेक्षा लांबतो, त्यामुळे पाच मिनिटांनी घाबरून पॉवरचे बटण धरून बसू नका.

मी एकदा नेमके उलटे केले होते. रूट काढल्यासारखे वाटले, लगेच कुलूप घातले, आणि इनिट-बूटमध्ये पॅच केलेली इमेज तशीच राहिली होती कारण मी सवयीने ‘बूट’मध्ये मूळ इमेज टाकली होती. पडद्यावर लाल खूण आणि ‘फोन बिघडलेला आहे’. सुदैवाने ओईएम अनलॉकिंग चालू होते. ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ देऊन बूटलोडर उघडला, सगळे फर्मवेअर नव्याने टाकले. रात्रीचे तीन वाजले होते.

ते बटण बंद असते तरी एक दार उरते, ज्या फोनांत ते आहे त्यांच्यासाठी. कंपनीच्या मूळ रिकव्हरीत ‘अप्लाय अपडेट फ्रॉम एडीबी’ असा पर्याय असतो. तिथून पूर्ण ओटीए पॅकेज, म्हणजे कंपनीच्या अपडेटची पूर्ण फाइल, ‘एडीबी साइडलोड’ने पाठवता येते. त्यावर कंपनीची सही असते, म्हणून बूटलोडर बंद असतानाही ते बसते. पण यासाठी रिकव्हरी उघडायला हवी, आणि लाल पडद्यावर अडकलेला प्रत्येक फोन तेवढी सवलत देईलच असे नाही.

तपासून पाहणे

फोन चालू होताना ‘बूटलोडर उघडा आहे’ ही केशरी सूचना गेली असेल तर अर्धी तपासणी तिथेच झाली. केबल जोडून आणखी खात्री करा:

एडीबी शेल गेटप्रॉप आरओ.बूट.व्हेरिफाइडबूटस्टेट

‘ग्रीन’ आले तर सॉफ्टवेअर मूळ आणि बूटलोडर बंद. ‘ऑरेंज’ म्हणजे बूटलोडर उघडा. ‘यलो’ म्हणजे बंद, पण कंपनीच्या नव्हे तर दुसऱ्या कुणाच्या किल्लीने.

एडीबी शेलमध्ये नुसते ‘एसयू’ टाइप करा. ‘सापडले नाही’ अशा अर्थाचे उत्तर हवे. रूट तपासणारी ॲप्सही आहेत, पण त्यांतली साधी ॲप्स फक्त एसयू शोधतात. बूटलोडरचे त्यांना काही कळत नाही.

प्ले स्टोअर उघडून सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये प्ले प्रोटेक्टचे प्रमाणपत्र बघा. ‘डिव्हाइस इज सर्टिफाइड’ असायला हवे. बूटलोडर उघडाच ठेवून थांबला असाल आणि इथे जुनेच उत्तर दिसत असेल तर प्ले स्टोअरचा डेटा एकदा पुसून पाहा.

इतके होऊनही बँकेचे ॲप अडत असेल तर बहुधा डेव्हलपर ऑप्शन्स किंवा यूएसबी डीबगिंग चालू राहिले आहे. काही ॲप्सना तेवढेही खपत नाही. सगळे ठीक चालते आहे याची खात्री झाल्यावर आधी ओईएम अनलॉकिंग बंद करा, मग यूएसबी डीबगिंग, आणि सगळ्यात शेवटी डेव्हलपर ऑप्शन्सचे मुख्य बटण.